मोबाईल कुणाच्या हातात, किती वेळ? साक्षरता, मुली आणि व्हिडिओ गेम यांवर पीएच.डी. करू पाहणाऱ्या शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाच तपासता येईल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेवर शिकवता. एम.एड. झालं, पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, निघाली. जेनिफर जेन्सन या कॅनडातल्या प्राध्यापिकेविषयी तुमच्या वाचनात आलं. साक्षरता, लिंगभाव आणि व्हिडिओ गेम या तिन्हींच्या सांध्यावर त्यांनी आख्खी कारकीर्द काढली, हे वाचून तुम्हालाही त्याच वाटेनं जावंसं वाटलं. मार्गदर्शकांनी मात्र 'हा टाइमपास आहे, शिक्षणशास्त्रात बसत नाही' म्हणून विषय परत केला. आणि त्याहून मोठी अडचण तुमची स्वतःची: 'माझ्या शाळेतल्या मुली गेम खेळतच नाहीत, पोरंच खेळतात. मग मुलींचा अभ्यास करू कशाचा?'

मी अध्यापक महाविद्यालयात भाषाशिक्षण शिकवते आणि बरीच वर्षं वर्धा, यवतमाळ, वाशीमच्या खेड्यांत मुलांच्या वाचनावर काम करते. गेमचा विषय माझ्याकडे वाचनाच्या मागोमाग आला, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूनं देते.

आधी तुमची अडचण घेऊ, कारण मार्गदर्शकांना द्यायचं उत्तर तिच्यातच आहे. 'मुली खेळत नाहीत' हे गृहीत धरून बसलात तर संशोधन तिथंच संपतं. त्याऐवजी का खेळत नाहीत, खरंच खेळत नाहीत का, आणि खेळत नसतील तर मोबाईल हातात आल्यावर काय करतात, असं विचारत गेलात, तर पीएच.डी. पुरून उरेल इतकं काम तुमच्या शाळेच्या आवारातच पडलेलं आहे.

एका स्मार्टफोनच्या घरात त्या फोनचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी बाप वावरात जाताना खिशात टाकतो. व्यापाऱ्याचा फोन यायचा असतो, कापसाचा भाव विचारायचा असतो. संध्याकाळी फोन घरी येतो तो बॅटरी संपवून. चार्जिंगला लागतो आणि अर्धामुर्धा चार्ज झाल्या झाल्या थोरला भाऊ काढून नेतो, पारावर नाहीतर पाण्याच्या टाकीजवळ, जिथं रेंज येते तिथं. दिवसाचा डेटा तिकडंच संपतो. मुलीच्या हाती फोन येतो तो कामापुरता. शाळेच्या ग्रुपवर आलेला अभ्यास वहीत उतरवून घ्यायला, मामाला फोन लावून द्यायला, गॅसचा नंबर लावायला, आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १५०० रुपये जमा झाले का, तो बँकेचा मेसेज वाचून सांगायला.

इथं थोडं थांबा. मेसेज वाचून त्याचा अर्थ लावणं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आईला बजावणं, फॉर्ममध्ये आधार कार्डावरचं नाव जसंच्या तसं भरणं, हे घरातलं जबाबदारीचं वाचन मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत मुलीच करतात. भावाच्या वाट्याला खेळातलं वाचन येतं, बहिणीच्या वाट्याला कामातलं. भाऊ चुकला तर डाव हरतो आणि तो दुसरा डाव लावतो. मुलगी चुकली तर फॉर्म परत येतो आणि वर बोलणी बसतात. चुकत चुकत शिकायची सोय एकाला मिळते, दुसरीला मिळत नाही. मला विचाराल तर तुमच्या संशोधनाचं बीज इथं आहे. परदेशातले जे अभ्यास मी वाचले त्यांत ते या रूपात मला दिसलेलं नाही.

आता, खरंच खेळत नाहीत का? सातवीतल्या एका मुलीचं सांगते. तिच्या घरी ओसरीवर मी तिच्या आजीशी बोलत बसले होते. भाऊ आंघोळीला गेला तसा तिनं फोन उचलला, त्याचा पॅटर्न लॉक अंगठ्यानं झरकन काढला, गाडी पळवायचा गेम उघडला आणि आवाज बंद करून खेळायला लागली. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला तशी तिनं खालचं चौकोनी बटण दाबलं, उघड्या ॲपच्या रांगेतून तो गेम वर ढकलून काढून टाकला आणि फोन होता तसा ठेवून दिला. शाळेत भरून घेतलेल्या प्रश्नावलीत 'तू मोबाईलवर गेम खेळतेस का?' या प्रश्नापुढं याच मुलीनं 'नाही'वर खूण केली होती. तिला मी खोटारडी म्हणणार नाही. मुलीच्या हातात मोबाईल दिसला की 'हिले कायले लागते मोबाईल' असं ज्या घरात ऐकू येतं, तिथं 'नाही' हेच शहाणपणाचं उत्तर. पण तुम्ही नुसत्या प्रश्नावलीवर विसंबलात तर तुमच्या तक्त्यात ही मुलगी न खेळणारी म्हणून जाईल, आणि तिच्यासारख्या किती गेल्या हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून मुलांना 'खेळता का' असं थेट विचारण्याआधी फोनचा दिवस मांडून घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत फोन कुणाजवळ होता, कुठं होता, कशासाठी होता, आणि त्या वेळी जवळ कोण होतं. घरातल्या दोन-तीन माणसांकडून वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळणार नाहीत, आणि न जुळण्यातूनच खरं काय ते कळतं.

मालकीचा फरक किती आहे हे 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात आहे. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची ती पाहणी होती. घरी स्मार्टफोन असणं आणि तो वापरता येणं ही गोष्ट दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत खरी. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. तुमची मुलं या वयाहून लहान आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण मार्गदर्शकांपुढं प्रश्नाचं वजन मांडायला ते उपयोगी पडतील.

जेन्सन यांचं काम नेमकं इथं कामी येतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'मुलींसाठीचे गेम' असा बाजारच उभा राहिला. १९९६ साली आलेला, बार्बीचे कपडे बेतायचा कॉम्प्युटर गेम धो धो खपला. १९९८ मध्ये जस्टिन कॅसल आणि हेन्री जेन्किन्स यांनी लिंगभाव आणि कॉम्प्युटर गेम या विषयावरचा लेखसंग्रह संपादित केला. त्या काळातल्या पुष्कळ लिखाणात एक सूर होता: मुलींना स्पर्धा नको, गोष्ट हवी, मारामारी नको, मिळूनमिसळून खेळणं हवं. जेन्सन आणि त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी सुझॅन डी कॅस्टेल यांनी या सुरालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं की, वर्षानुवर्षं खेळलेला मुलगा आणि आत्ता कुठं हातात कंट्रोलर घेतलेली मुलगी यांना शेजारी बसवून तुलना केली जाते, आणि जो फरक सरावलेल्यात आणि नवख्यात आहे तो मुलगा आणि मुलगी यांच्यातला म्हणून छापला जातो. त्यांनी शाळेत मुलींचा गेम क्लब चालवला. मुलींना वेळ दिला, यंत्रं दिली, एकमेकींची सोबत दिली, आणि दीर्घकाळ बघत राहिल्या. सराव वाढला तशी मुलींची खेळायची रीत बदलली. स्पर्धाही आली, चढाओढही आली.

आर्णी तालुक्यातल्या एका मुलीनं हाच सिद्धांत माझ्यासमोर दोन वाक्यांत सांगितला होता. मैत्रिणीनं तिला चिडवलं, 'तुह्या भावाले जमते, मंग तुले काहून जमत नाई?' तर ती म्हणाली, 'तो रोज खेयते म्हणून त्याले जमते. मले कुठी भेटते मोबाईल!'

या प्रश्नाला मोबाईलच्या आधीचीही एक बाजू आहे, ती सोडू नका. आपल्याकडं मुलीच्या खेळाला पूर्वीपासून हद्द आहे आणि तिथीही आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. त्या दिवसांत मुली संध्याकाळी घरोघर जातात, गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, खाऊ ओळखतात, आणि कुणी हटकत नाही. एरवी मात्र 'येवढी मोठी झाली अन् खेयत काय रायते' हे वाक्य मुलीला पहिल्यांदा कितव्या वर्षी ऐकावं लागतं, ते विचारून बघा. तिच्या आईला विचारा, आजीला विचारा. मी विचारते तेव्हा बायका क्षणभर गप्प होतात आणि मग अगदी नेमकं वर्ष, कधी नेमकी जागा सांगतात. विहिरीजवळ, लगोरी खेळताना, काकानं पाहिलं त्या दिवशी. मोबाईल यायच्या आधी मुलीचा खेळ कधी थांबत होता हे कळलं की मोबाईलवरचा खेळ सुरूच का झाला नाही, याचा अर्धा उलगडा होतो. भाऊ त्याच वयात गल्लीतून पारावर जातो, पारावरून मोबाईलवर जातो. त्याचा खेळ कुठं तुटत नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हाला एक गोष्ट करता येईल जी बाहेरून येणाऱ्या संशोधकाला जमत नाही. लोकवर्गणीतून आलेले टॅब बऱ्याच शाळांत कपाटात कुलूपबंद पडलेले असतात. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एकदोनदा फक्त मुलींचा खेळाचा तास ठेवा. तो शाळेच्या वेळेतच हवा. सुटल्यावर ठेवलात तर मुली येणार नाहीत, कारण त्यांना पाणी, भांडी, लहान भावंडं असतात. ऑफलाइन चालणारे, जाहिराती नसलेले, पैसे न मागणारे गेम टाका: कोडी, गाडी, शेती, चेंडू, थोडे वेगवेगळे. 'मुलींना आवडतील असे' म्हणून निवडायला जाऊ नका, नाहीतर जे शोधायचं तेच तुम्ही आधी ठरवून टाकाल.

पहिल्या काही तासांत खिडकीशी पोरं जमतील. 'अशी नाई ओ, दे इकडं, दाखवतो' म्हणत टॅब घेतील आणि तो परत येणार नाही. एक-दोन वेळा हे होऊ द्या, कुणाच्या हातून कुणी कधी काढून घेतलं याची बारीक नोंद करा, आणि मग खिडकी लावून घ्या. मुली सुरुवातीला एकमेकींकडं बघतील, तुमच्याकडं बघतील, हरल्या की टॅब खाली ठेवतील. तिथं घाई करू नका. 'पुन्हा खेळलं तर चालते का?' असं विचारणं बंद होऊन त्या न विचारता पुन्हा डाव लावू लागल्या, की तुमची खरी निरीक्षणं तिथून सुरू होतात. मुलींचा हात बसला की मुलामुलींचा एकत्र तास घ्या आणि मग तुलना करा. सराव सारखा झाल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

हे तुमच्या शाळेत जमेल का, ते मला इथून सांगता येणार नाही. मुख्याध्यापक कसे आहेत, टॅब चालू आहेत का, वीज किती वेळ असते, यावर ते आहे. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. तुमच्या वर्गात कोलाम किंवा बंजारा घरांतली मुलं असतील तर शाळेची मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, आणि गेममधली हिंदी-इंग्रजी तिसरी-चौथी. मग त्यांचा वेगळा विचार करावा लागेल. सगळ्यांची सरासरी काढून चालणार नाही.

आता वाचनाकडं येते. गेममधलं वाचन हे खरंच वाचन आहे का, असं मार्गदर्शक विचारणारच.

ब्रायन स्ट्रीट या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात इराणमधल्या एका खेड्यात राहून काम केलं. तिथले लोक मकतबात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, वाचायला शिकलेले. आधुनिक शाळेच्या मापात त्या शिक्षणाला फार किंमत नव्हती. पण फळांचा व्यापार वाढला तेव्हा त्याच शिदोरीवर गावातल्या लोकांनी हिशेब, पावत्या, पेट्यांवरच्या खुणा असा व्यवहार उभा केला. स्ट्रीट यांनी १९८४ च्या पुस्तकात मांडलं की साक्षरता ही कुठंही नेली तरी सारखीच राहणारी सुटी क्षमता मानू नये. ती कुणाच्या हाती, कोणत्या व्यवहारात रुजली आहे ते बघावं. आपली जनगणना सात वर्षं आणि त्यावरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, त्याला साक्षर म्हणते. २०११ ला महाराष्ट्रात त्या हिशेबानं पुरुष ८८.४ टक्के आणि स्त्रिया ७५.९ टक्के साक्षर होत्या. हा हो-नाहीचा आकडा आहे, त्याचा उपयोग वेगळा. बँकेचा मेसेज वाचणारी बहीण आणि गेम खेळणारा भाऊ दोघंही त्यात 'साक्षर' म्हणून एकाच रकान्यात बसतील. तुम्हाला त्या रकान्याच्या आत शिरायचं आहे.

शिरताना मात्र सावध राहा. सहावीतला एक मुलगा वर्गात मराठीचा परिच्छेद अडखळत वाचायचा, पण मोबाईलच्या पडद्यावर इंग्रजी शब्द धडाधड सांगायचा: स्टार्ट, रिझ्युम, क्लेम, लेव्हल अप. तेच शब्द मी पांढऱ्या चिठ्ठ्यांवर पेनानं लिहून त्याच्यापुढं मांडले. रंग नाही, चौकट नाही, नेहमीची जागा नाही. 'स्टार्ट' त्याला आला. 'क्लेम'च्या चिठ्ठीकडं तो नुसता बघत राहिला, उलटी-सुलटी करून पाहिली. पडद्यावर तो शब्द हिरव्या बटणावर, उजवीकडं खाली असायचा, आणि तो ओळखायचा ती जागा. मग त्यानं आपणहून मला मित्राबरोबरचा चॅट दाखवला. वऱ्हाडी बोली, रोमन अक्षरांत लिहिलेली. ती मात्र त्यानं एकेक अक्षर जुळवत पूर्ण वाचली आणि लगेच तसंच उत्तर टाइप केलं. कोणत्याही शाळेनं त्याला रोमन अक्षरांत मराठी लिहायला शिकवलं नव्हतं, आणि कोणत्याही परीक्षेत ते विचारलं जाणार नाही. एकाच पोराजवळ या दोन निराळ्या गोष्टी होत्या. पडद्यावरची ओळख गेमनं दिली होती, वाचन-लेखन गेमच्या निमित्तानं चाललेल्या गप्पांनी. चिठ्ठ्यांचा हा साधा प्रयोग तुम्हीही करा. त्याच्याशिवाय 'गेममुळे मुलं इंग्रजी वाचायला लागली' असले निष्कर्ष लिहिले जातात आणि मग त्यांवर विश्वास ठेवून योजना निघतात.

जेम्स पॉल जी यांचं २००३ चं पुस्तक या विषयात सगळे आधी हाती घेतात. जी हे मुळात भाषाशास्त्रज्ञ. आपल्या लहान मुलाला गेममध्ये मदत करता करता ते या विषयात ओढले गेले. त्यांचं एक निरीक्षण मला वर्गात रोज पटतं: गेमची माहितीपुस्तिका आधी वाचली तर डोक्यात काही शिरत नाही, थोडा वेळ खेळून मग वाचली की तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला पडद्यावरचं काहीतरी चिकटलेलं असतं. आपल्या विज्ञानाच्या धड्यात व्याख्या पहिल्या ओळीत येते आणि प्रयोग आला तर शेवटी. हे त्यांच्याकडून जरूर घ्या. पण 'गेम खेळल्यानं वाचन सुधारतं' असं गृहीतक मात्र मांडू नका. 'असर' २०२३ मध्येच १४ ते १८ वयाच्या सुमारे चौथाई मुलामुलींना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलित वाचता येत नव्हता. त्यांतली बरीच मुलं मोबाईल वापरतही असतील. गेम हा वाचन शिकवण्याचा पर्याय आहे असं आपल्यापैकी कुणी बोललं, तर या मुलांच्या हातातलं उरलंसुरलं पुस्तकही जाईल. मला याची मनापासून धास्ती वाटते.

इथवरचं थोडक्यात: मुली खेळतात की नाही हे प्रश्नावलीत कळत नाही, फोनच्या दिवसात कळतं. फरक दिसला तर तो सरावाचा आहे का हे आधी तपासायचं. आणि गेममधलं वाचन मोजायचं ते पडद्यावरून बाहेर काढून.

आता मार्गदर्शक. 'शिक्षणशास्त्रात बसत नाही' याचं सगळ्यात सरळ उत्तर जेन्सन यांच्या पदातच आहे. त्या व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात भाषा आणि साक्षरता शिक्षण विभागात प्राध्यापक आहेत, त्याआधी टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभागातच होत्या. शाळेतलं तंत्रज्ञान आणि मुली या प्रश्नावर त्यांचं काम गेमच्या आधीपासूनचं. म्हणजे पाया शिक्षणशास्त्राचाच, गेम हे क्षेत्रकार्याचं ठिकाण. तुम्हीही तसंच करा. आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांत 'गेम संशोधक' अशी जागा निघणार नाही. भाषाशिक्षण, शैक्षणिक मानसशास्त्र, शैक्षणिक तंत्रज्ञान अशाच जागा निघतात. तुमचा प्रबंध त्यांपैकी एका दारातून आत जाणारा हवा. मी तुमच्या जागी असते तर भाषाशिक्षणाचं दार धरलं असतं.

विषयाचं शीर्षक बदलून मांडून बघा. 'व्हिडिओ गेमचा विद्यार्थिनींवर होणारा परिणाम' हे शीर्षक मीही परत केलं असतं, कारण त्यात परिणाम आधीच गृहीत आहे. त्याऐवजी असं काहीतरी: 'ग्रामीण यवतमाळमधील सहावी ते आठवीच्या मुलामुलींच्या मोबाईल-वापरातील वाचनप्रसंग आणि त्यांचे घरातील वाटप'. गेम या शीर्षकात नाही, पण दुसऱ्या प्रकरणापासून शेवटपर्यंत आहे. यात लपवाछपवी काही नाही. तुमचा प्रश्न खरोखर हाच आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मराठी आणि हिंदीतले प्रबंध चाळा, मोबाईलचे 'दुष्परिणाम' मोजणारे ढिगानं सापडतील. त्यांतले दोन-तीन मार्गदर्शकांपुढं ठेवून आपण वेगळं काय करणार ते दाखवा.

२०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांची मुदत असते. नोकरी करत अंशकालीन करणार असाल तर सुरुवातीलाच सहाचा हिशेब धरा. रजा घेऊन पूर्णवेळ करायचा विचार असेल तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या अटी बघा. लिहिताना एक लेख इंग्रजीत तर एक मराठीत असं ठेवा. 'पालकनीती', 'शैक्षणिक संदर्भ' यांसारख्या नियतकालिकांत आलेलं शिक्षक वाचतात. ज्या मुलींनी तुम्हाला वेळ दिला त्यांच्या शिक्षकांपर्यंत ते पोचणं मला विद्यापीठातल्या गुणांइतकंच मोलाचं वाटतं.

बाईमाणसानं या विषयात उतरण्याची वेगळी किंमत असते, हेही सांगून ठेवते. २०१४ मध्ये 'गेमरगेट' नावानं जे झालं, त्यात गेम बनवणाऱ्या आणि गेमवर लिहिणाऱ्या बायकांना संघटित शिवीगाळ आणि धमक्या सोसाव्या लागल्या. आपल्याकडं त्याचं रूप वेगळं. 'मॅडम पोरींना मोबाईल शिकवून रायल्या' एवढं एक वाक्य गावात फिरलं तरी पुरतं. त्याला तोंड द्यायची तयारी क्षेत्रकार्याच्या आधी करायची असते.

म्हणून सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. गावात 'गेम' म्हटलं की पालकांना दोन गोष्टी आठवतात. एक, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं बंद केलेला पबजी; दुसरी, रमीसारख्या खेळांत बुडालेले पैसे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली आहे. तो कायदा काय म्हणतो आणि तुमच्या टॅबवर काय आहे, हे पहिल्याच सभेत टॅब हातात देऊन दाखवा. आयांना खेळून बघू द्या. त्यांचा विरोध तिथंच बराच कमी होतो, आणि तुम्हाला आणखी निरीक्षणं मिळतात ती वेगळीच.

वेळापत्रक शेतीच्या कामांवरून आखा. सोयाबीनच्या सोंगणीपासून मुलींची हजेरी पडायला लागते आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आणखी पडते. घरोघरच्या नोंदी एकदा पावसाळ्यात आणि एकदा ऐन वेचणीत, अशा दोन्ही हंगामांत घ्या. वेचणीच्या दिवसांत मुलीचा खेळण्याचा वेळ शून्य आणि भावाचा तेवढाच दिसला, तर ती तुमच्या प्रबंधातली सगळ्यात बोलकी दोन पानं ठरतील.

संमतीपत्र मराठीत, सोप्या शब्दांत लिहा. पालकांची संमती घ्या आणि मुलीला तिच्यापुरतं वेगळं विचारा. ती 'नको' म्हणाली तर पालकांची सही असूनही तिला सोडा. त्या पत्रात एक ओळ अशी हवी की, मुलानं किंवा मुलीनं घरच्या मोबाईलबद्दल जे सांगितलं किंवा दाखवलं ते घरच्यांना कळवलं जाणार नाही. ही ओळ सह्या घेण्याआधी पालकांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. मुलीनं गुपचूप गेम खेळल्याचं तुमच्या बोलण्यातून घरी कळलं तर तिच्या हातून मोबाईल जाईल, आणि काही घरांत त्याच कारणावरून शाळाही सुटू शकते. नोंदवहीत नावं लिहू नका, खुणेचे क्रमांक घाला, आणि क्रमांकांची यादी शाळेत न ठेवता स्वतःच्या घरी कुलपात ठेवा. हे सगळं ज्या दिवशी लिहून तयार असेल, त्याच दिवशी पहिलं घर गाठा, त्याआधी नको.